जपानी माचा: दोष भुकटीचा की माझ्या हाताचा?

कृष्णाकाठची वाचक (विश्रामबाग, सांगली)

सप्रेम नमस्कार. ओसाकाला नोकरी करणारी माझी भाची गेल्या दिवाळीत घरी आली, तेव्हा तिने माचाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या भुकटीची, २० ग्रॅमची एक लहान डबी आणली होती, आणि इथे होती तोवर रोज सकाळी ती स्वतः आम्हां दोघींसाठी माचा करत असे. मी जन्मभर आले आणि गवती चहाची पात घातलेला दुधाचा चहा प्यायलेली बाई आहे; तरीही मटाराची शेंग सोलताना येतो तसा कोवळा वास, मागून जिभेवर रेंगाळणारी भरदार चव आणि अगदी शेवटी जाणवणारा किंचित कडवटपणा हे सारे मला मनापासून आवडले. भाची परत गेली, डबी दोन आठवड्यांत संपली आणि तिथून पुढे घोडे पेंड खाऊ लागले.

मी आधी एका संकेतस्थळावरून १०० ग्रॅमचे पाकीट ९०० रुपयांना मागवले. त्यावर ठळक अक्षरांत ‘सेरेमोनियल ग्रेड’, म्हणजे जपानी चहाविधीच्या दर्जाचा, असे लिहिलेले होते. आतली भुकटी वाळलेल्या मेंदीच्या रंगाची निघाली आणि चव काढ्यासारखी कडू. मग मन घट्ट करून दुसऱ्या विक्रेत्याकडून ३० ग्रॅमची डबी २,४०० रुपयांना घेतली. तिचा रंग भाचीच्या डबीसारखाच हिरवागार आहे, परंतु पेल्यात गुठळ्या राहतात, तळाशी गाळ बसतो आणि कडवटपणाही पुरता जात नाही.

माझी पद्धत अशी आहे: पाणी खळखळून उकळते, चहाच्या कपात एक शिगोशीग चमचा भुकटी घालते, वरून पाणी ओतते आणि ताकाच्या लहान रवीने घुसळते. भाची माचा घुसळायला वापरायची तो बांबूचा ब्रश माझ्याकडे नाही. दोष भुकटीत आहे की माझ्या हातात, हे कसे ओळखावे? पुढची खरेदी करताना नेमके काय पाहावे? आणि पावसाळ्यात, जेव्हा आमच्याकडे पापडसुद्धा डब्यात सादळतात, तेव्हा ही भुकटी टिकवावी कशी?

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी सहा वर्षे क्योतोच्या दक्षिणेला, माचासाठी प्रसिद्ध असलेल्या उजीपासून रेल्वेने थोड्याच अंतरावर राहिलो, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो. आपल्या पहिल्या पाकिटात बहुधा भुकटीचा दोष आहे आणि दुसऱ्या डबीत बहुधा हाताचा. मात्र माझ्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा आपण एक परीक्षा घ्यावी. दोन्ही भुकट्या प्रत्येकी दीड ग्रॅम मोजून घ्याव्यात, चाळाव्यात, आणि उकळून ७० अंशांपर्यंत निववलेले ६० मिलिलिटर पाणी दोन्हींत घालून त्या सारख्याच पद्धतीने घुसळाव्यात. एवढ्या सौम्य वागणुकीनंतरही जी कडू लागेल ती मुळात तशीच आहे, आणि जी सुधारेल तिला आपण आजवर उगाच दोष दिला असे समजावे.

हे असे का घडते, ते समजण्यासाठी माचा म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल. हिरवा चहा दळला म्हणजे माचा झाला असे नव्हे. माचासाठी लागणाऱ्या पानाला ‘तेंचा’ म्हणतात. खुडणीच्या आधी किमान २० दिवस, चांगल्या मळ्यांत त्याहूनही अधिक काळ, झुडपांवर आच्छादन घातलेले असते. पूर्वी ते बोरूच्या पडद्यांचे आणि भाताच्या पेंढ्याचे असे, आता बहुतेक ठिकाणी काळी कृत्रिम जाळी असते. मुळांत तयार होणारे थिअनिन नावाचे द्रव्य पानात चढते, आणि पानावर ऊन पडले की त्याचे रूपांतर कॅटेचिन या तुरट-कडू द्रव्यात होत जाते. ऊन अडवले की ते रूपांतर मंदावते, पान पातळ व गर्द हिरवे होते आणि आपल्याला जी भरदार चव आवडली ती पानात शिल्लक राहते. खुडलेल्या पानाला लगेच वाफ देतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेला गर ग्रॅनाइटच्या जात्यावर दळतात. ते जाते तासाला जेमतेम ३० ते ४० ग्रॅम दळते. आपल्याकडे गिरणीतून पीठ गरम येते, ते डब्यात भरण्याआधी आपण पसरून ठेवतो. त्या उष्णतेने माचाचा वास आणि रंग दोन्ही जातील, म्हणून जात्याला घाई करू देत नाहीत. आपली ३० ग्रॅमची डबी म्हणजे एका जात्याचा सुमारे एक तास, हे लक्षात घेतले की किमतीचा राग थोडा कमी होतो.

उन्हात वाढलेले, वाफवून वळलेले पान दळून जी हिरवी भुकटी होते तिला जपानीत ‘फुनमात्सुचा’ म्हणतात. तो वाईट पदार्थ नाही. जपानी घरांतही ती पितात. पण तो माचा नव्हे. ९०० रुपयांत १०० ग्रॅमच्या पाकिटात तीच, किंवा उन्हाळ्यातल्या उशिराच्या खुडणीच्या पानांची भुकटी असण्याची शक्यता अधिक वाटते.

आता ‘सेरेमोनियल ग्रेड’विषयी. अशी कोणतीही सरकारी प्रतवारी जपानमध्ये नाही. हा शब्द परदेशी बाजारासाठी आलेला आहे आणि तो पाकिटावर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. तिथल्या पेढ्या माल वेगळ्या तऱ्हेने ओळखतात: या भुकटीचा ‘कोइचा’, म्हणजे दाट माचा, करता येतो की फक्त ‘उसुचा’, म्हणजे पातळ माचा? उसुचाला सुमारे २ ग्रॅम भुकटी आणि ६० ते ७० मिलिलिटर पाणी लागते. कोइचाला माणशी जवळजवळ ४ ग्रॅम भुकटी आणि त्याहून निम्मे पाणी लागते. तो घुसळत नाहीत, मधासारखा दाट होईपर्यंत मळतात. इतक्या दाटपणात भुकटीतला कडवटपणा लपणे शक्य नसते. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ‘याचा कोइचा होईल का?’ ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याच्याकडून महाग डबी घेऊ नये. जुन्या पेढ्यांच्या डब्यांवर एक सूचक खूणही असते: ज्या नावाच्या शेवटी ‘मुकाशी’ येते ती भुकटी परंपरेने कोइचाची, आणि ज्याच्या शेवटी ‘शिरो’ येते ती उसुचाची. हा संकेत सगळेच पाळतात असे नाही. रोजच्या पिण्यासाठी उसुचाची चांगली भुकटी पुरेशी असते.

करण्याच्या पद्धतीत पहिली दुरुस्ती चमच्याची. सराफाकडे असतो तसला लहान काटा हल्ली चारपाचशे रुपयांत मिळतो. त्यावर आपला शिगोशीग चमचा एकदा ठेवून पाहावा, बहुतेक आपणच चकित व्हाल. दुसरी दुरुस्ती चाळणीची. भुकटी इतकी बारीक असते की डबीतच तिच्या गोळ्या बनतात आणि पाणी पडल्यावर त्या फुटत नाहीत. मैद्याच्या बारीक स्टीलच्या चाळणीतून ती कोरड्या वाडग्यात चमच्याच्या पाठीने घासून घ्यावी. आपल्या गुठळ्यांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

तिसरी गोष्ट पाण्याची. साताऱ्यात पाणी साधारण ९७-९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना, आणि या दोन्ही ठिकाणचे उकळते पाणी माचाला जास्तच होते. ७० ते ८० अंश हवेत. उष्णतामापक नसेल तर उकळते पाणी आधी वाडग्यात ओतावे, म्हणजे वाडगा तापतो. तेच तिथून कपात आणि त्या कपातून दुसऱ्या कपात ओतावे. दर ओतण्याला पाणी बरेच अंश उतरते. रिकामा झालेला वाडगा पुसून अगदी कोरडा करावा, त्यात भुकटी चाळावी आणि मग कपातले पाणी घालावे. आधी अगदी थोडे, दोन चमचे पाणी घालून गंधासारखी खळ करून घेतली आणि उरलेले पाणी नंतर घातले, तर नवशिक्याच्या हातून सहसा चूक होत नाही.

रवीविषयी माझे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. ताकाची रवी गोल फिरते; माचा गोल फिरवून होत नाही. बांबूच्या त्या साधनाला ‘चासेन’ म्हणतात. मनगट सैल ठेवून ते पुढे-मागे, इंग्रजी डब्ल्यू अक्षर काढल्यासारखे, पंधरा-वीस सेकंद झपाट्याने हलवायचे, तळाला रेटायचे नाही, आणि शेवटी वरचे मोठे बुडबुडे मोडण्यासाठी पृष्ठभागावर हळुवार फिरवून मधोमध उचलून घ्यायचे. एकाच बांबूच्या तुकड्याला चिरून त्याच्या ऐंशी ते शंभर बारीक काड्या काढलेल्या असतात. नारा प्रांतातील ताकायामा हे गाव त्यासाठी कित्येक शतके प्रसिद्ध आहे. वापरण्याआधी काड्यांची टोके कोमट पाण्यात मिनिटभर भिजवावीत, नाहीतर ती मोडतात. साबण लावू नये. आणि सांगलीच्या पावसाळ्यात ते ज्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून आले त्यात परत ठेवू नये, आठवड्यात बुरशी येते. उघड्यावर, हवेशीर जागी उभे ठेवावे. कपाऐवजी रुंद तळाचा चिनी मातीचा वाडगा घ्यावा, कारण कपात हात हलायला जागाच नसते.

फेस कमी आला म्हणून खंतावू नये. जपानमधील चहाविधीच्या दोन मोठ्या घराण्यांपैकी उरासेन्के घराण्यात पृष्ठभाग पूर्ण फेसाने झाकतात, तर ओमोतेसेन्के घराण्यात एका बाजूला बिनफेसाचा थोडा भाग मुद्दाम उघडा ठेवतात. दोन्हीकडे माचा उत्तमच असतो.

पेववाला (हरिपूर, सांगली)

आमचे घराणे तीन पिढ्या हळदीच्या व्यवहारात आहे. माचा मी मुलाच्या आग्रहाने दोनदाच प्यायलो आहे, त्यामुळे चवीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. भुकटी पारखण्याविषयी मात्र दोन शब्द सांगू शकतो.

हळदीच्या सौद्यात आम्ही पूड पाहून भाव करत नाही. हळकुंड मोडतो आणि आतला गाभा पाहतो, कारण वरचा रंग पॉलिशने येतो आणि पुडीचा रंग तर कशानेही आणता येतो. माचाच्या बाबतीत अडचण अशी आहे की तो विकलाच जातो पूड करून. मोडून पाहायला हळकुंड नाही. म्हणून ताईंनी ‘हिरवागार रंग’ हा एकच निकष धरू नये. पिवळट किंवा मातकट रंग असेल तर माल नक्कीच हलका किंवा शिळा; परंतु रंग झगझगीत हिरवा आहे म्हणून माल चांगलाच, असे उलट म्हणता येणार नाही.

घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. पांढऱ्या कागदावर चिमूटभर भुकटी ठेवून बोटाने एका दमात खाली ओढावी. वस्त्रगाळ दळलेली भुकटी लांब, सलग आणि मऊ पट्टा सोडते, तर जाडीभरडी भुकटी तुटक पट्टा सोडते आणि बोटाला कचकचते. दुसरी गोष्ट अशी की ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूट टाकून थोडा वेळ थांबावे. पानातला नैसर्गिक हिरवा रंग पाण्यात विरघळत नाही. भुकटीभोवती लगेच झगझगीत हिरवे वलय पसरू लागले, तर आत वरून घातलेला रंग आहे असा संशय घ्यावा. ही काही प्रयोगशाळेची तपासणी नव्हे, पण उघड लबाडी पकडायला पुरते. याशिवाय पाकिटावर घटकांमध्ये चहाखेरीज काही, विशेषतः साखर, लिहिले आहे का, उत्पादनाचा देश कोणता, आणि आयातदाराचे नाव व एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे का, हे वाचायला पैसे पडत नाहीत.

साठवणीविषयी विचारले आहे, तो तर आमच्या गावाचाच विषय. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे, कारण तोंड लिंपून बंद केले की आत नवी हवा जात नाही. २००५च्या महापुराने त्यातली बरीच पेवे निकामी केली, ते दुःख वेगळे. पेव एकदा उघडले की मात्र सगळा माल काढावा लागतो, थोडा काढून तोंड परत लिंपता येत नाही. माचाच्या डबीचे तसेच समजावे. उघडली की संपवायची.

अजिंक्यतारा (सातारा)

पेववाले काका, आपण पेवाचे उदाहरण दिलेत म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानमध्ये मे महिन्यात तयार झालेले तेंचाचे पान पूर्वी मातीच्या मोठ्या बरणीत भरून तिचे तोंड कागदाने आणि मोहोरेने बंद करीत, बरणी उन्हाळाभर गार जागी ठेवीत आणि नोव्हेंबरमध्ये ती समारंभाने उघडून पान दळीत. चहाविधीच्या जगात नोव्हेंबर हा आजही वर्षारंभासारखा मानतात. त्या मुरलेल्या पानाचा माचा ताज्या पानापेक्षा अधिक मवाळ लागतो असे जाणकार सांगतात. आता बरणीचे काम शीतगृह करते, आणि मागणी येईल तसे पान दळतात. म्हणजे पान काही महिन्यांचे असले तरी बिघडत नाही. दळल्यानंतर मात्र घड्याळ सुरू होते. खरेदी करताना खुडणीच्या हंगामापेक्षा दळण्याच्या तारखेला किंवा मुदतीला अधिक महत्त्व द्यावे.

त्या मुदतीत एक गंमत आहे. जपानी डबीवर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो. ‘२६.०३.०५’ याचा अर्थ ५ मार्च २०२६, २६ मार्च २००५ नव्हे. माझ्या एका परिचितांनी अशी चांगली डबी वीस वर्षे जुनी समजून दुकानदाराला परत केली होती.

ताईंसाठी: बंद डबी फ्रीजमध्ये ठेवावी, पण बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, झाकण उघडू नये. गार भुकटीवर सांगलीची जुलैतली हवा लागली की क्षणात दव धरते, आणि मग गुठळ्या चाळणीलाही ऐकत नाहीत. उघडलेली डबी महिन्याभरात संपवावी. १०० ग्रॅमचे पाकीट कितीही स्वस्त वाटले तरी एकट्यादुकट्याने घेऊ नये.

द्राक्षबाग (तासगाव)

आमची बेदाण्याची शेड असल्यामुळे ‘सावली’ हा शब्द दिसला की आम्ही थांबतो. एका संकेतस्थळावर मी ‘सावलीत वाळवलेला अस्सल माचा’ अशी जाहिरात वाचली आणि आमच्या हिरव्या बेदाण्यासारखेच ते असेल असे समजले. अजिंक्यतारा यांचा मजकूर वाचल्यावर चूक लक्षात आली. माचाचे पान सावलीत *वाढवलेले* असते, सावलीत *वाळवलेले* नव्हे. आमचा बेदाणा वेलीवरून उतरवल्यावर, द्रावणात बुडवून, शेडनेटखाली जाळ्यांवर दोन-तीन आठवडे पसरतो, म्हणून त्याचा हिरवेपणा टिकतो. तेंचाला अशी सवड देत असतील असे वाटत नाही. मग ही जाहिरात अज्ञान समजावे की लबाडी?

अजिंक्यतारा (सातारा)

लबाडी असेलच असे नाही, परंतु ज्याला वाढवणे आणि वाळवणे यांतला फरक माहीत नाही त्याने मालाची पारख केली नसणार, एवढे नक्की. वाफवलेले तेंचाचे पान विटांच्या लांब भट्टीतून, पट्ट्यावरून सरकत, थोड्या वेळातच वाळून बाहेर येते. भट्टीच्या त्या उष्णतेनेच त्याला भाजल्याचा एक मंद सुवास चढतो. सावली काय करायची ती झाडावरच करून झालेली असते.

उंब्रजचा चहाबाज (कराड)

सर्वांचे ज्ञान वाचून आदर वाढला, परंतु कोणीतरी हिशेबही मांडायला हवा. ३० ग्रॅमला २,४०० रुपये आणि एका वेळेला २ ग्रॅम, म्हणजे पंधरा वाट्या. एका वाटीला १६० रुपये पडले. तेवढ्यात आमच्या एसटी स्टँडवर आठवडाभर चहा होतो. शिवाय या माचात दूध-साखर घातली तर काय बिघडते? पुण्यात सगळी मुले तसाच पितात.

अजिंक्यतारा (सातारा)

दूध घातल्याने काही बिघडत नाही, मात्र मग १६० रुपयांची वाटी खरोखरच वाया जाते. दुधातले प्रथिन कॅटेचिनला धरून ठेवते, त्यामुळे कडवटपणा मवाळ होतो, पण त्याबरोबर ज्या बारीक चवीसाठी पैसे मोजले तीही झाकली जाते. दुधात घालायला मुद्दाम थोडी हलकी, अधिक कडसर भुकटी घ्यावी. दुधातून ती उलट चांगली उठून दिसते आणि खर्चही निम्म्याहून कमी येतो. बॅटरीवर फिरणारी लहान रवी तिथे अवश्य वापरावी.

साखरेविषयी जपानी लोकांचा तोडगा मला पटतो. ते माचात गोड घालत नाहीत, माचाच्या आधी गोड खातात. तोंडात गोडी असतानाच पहिला घोट घेतात. क्योतोत असताना मी साताऱ्याहून नेलेले कंदी पेढे तिथल्या शेजाऱ्यांना दिले होते. अर्धा पेढा आधी आणि मग पातळ माचा, हा मेळ त्यांनाही इतका पसंत पडला की पुढच्या सुट्टीत पेढ्याची पेटी आणली का, हेच आधी विचारले गेले.

किमतीचे म्हणाल तर, २०२४ च्या शरद ऋतूत जगभरातून मागणी एवढी वाढली की क्योतोतील जुन्या पेढ्यांनाही एका ग्राहकाला किती डब्या द्यायच्या यावर मर्यादा घालावी लागली, आणि २०२५ मध्ये तेंचाचे लिलावातले भाव फार वर गेले. टंचाई आली की नकली मालही येतो. चीनमध्ये, विशेषतः ग्वेइचौ प्रांतात, माचाचे मोठे उत्पादन होते आणि त्यातला काही बरा असतो. तो चिनी म्हणून विकला तर हरकत नाही, उजीचा म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. जपानमध्येही उजीखेरीज आइचीमधील निशिओ, फुकुओकातील यामे आणि दक्षिणेकडचा कागोशिमा इथे चांगला माल होतो. पाकिटावर नुसते ‘जपान’ न लिहिता प्रदेश लिहिलेला असेल, तर विक्रेत्याला आपला माल कुठून येतो ते निदान ठाऊक आहे.

औषधालय (मिरज)

माझ्या पेशामुळे एवढेच नोंदवतो. हिरव्या चहाची पाने आपण गाळून टाकतो, माचात पान अख्खे पोटात जाते. जपानच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम माचात ३.२ ग्रॅम कॅफीन असते, म्हणजे २ ग्रॅमच्या एका वाटीत साधारण ६४ मिलिग्रॅम. हे प्रमाण छोट्या कपभर कॉफीच्या आसपास आहे, त्यामुळे संध्याकाळनंतर टाळलेला बरा. ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण चहातील कॅटेचिन अन्नातले लोह पुरते शोषू देत नाही. मध्ये तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा माचा सुरू करू नये, कारण त्यात व्हिटॅमिन के चांगल्याच प्रमाणात असते. वजन उतरते, कर्करोग बरा होतो, हे जाहिरातीतले दावे सोडून द्यावेत.

कृष्णाकाठची वाचक (विश्रामबाग, सांगली)

सर्वांची मी ऋणी आहे. मध्ये दहा दिवस गेले, कारण चासेन येईपर्यंत थांबले होते.

प्रथम कबुली देते. शेजारच्या सराफांच्या काट्यावर माझा शिगोशीग चमचा ठेवला, तर तो पाच ग्रॅमचा भरला. म्हणजे मी आजवर कोइचाच्या भुकटीत उसुचाचे पाणी, तेही उकळते, घालून ताकाच्या रवीने घुसळत होते, आणि वर जपान्यांना नावे ठेवत होते.

परीक्षा सांगितली तशीच घेतली. ९०० रुपयांचे पाकीट दीड ग्रॅमला, कोमट पाण्यातही, कडू ते कडूच राहिले, आणि घोट गिळल्यावर जिभेवर वाळल्या गवतासारखे काहीतरी उरले. कागदावरचा पट्टाही तुटक आला. टिपकागदावर मात्र वलय उमटले नाही, म्हणजे विक्रेत्याने रंग घातलेला नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहायला हवे. ते पाकीट आता नानकटाईत आणि दुधात संपवते आहे. नानकटाई घरात सगळ्यांना आवडली. २,४०० रुपयांची डबी मात्र अक्षरशः बदलली. चाळून, निववलेल्या पाण्यात केल्यावर गुठळी एकही नाही, आणि भाचीच्या हातची ती मागून येणारी चव परत मिळाली, जरी तितकी खोल नाही.

एक गोष्ट आपल्यापैकी कोणी लिहिली नाही, ती माझ्या ध्यानात आली म्हणून नोंदवते. आमच्या इमारतीत कूपनलिकेचे पाणी आणि नळाचे पाणी असे दोन्ही येते. कूपनलिकेच्या पाण्याने किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर धरतो. त्या पाण्यात त्याच भुकटीचा माचा मंद आणि फिका लागला, फेसही लवकर बसला. नळाचे पाणी गाळून, उकळून घेतले तेव्हा चव उघडली. आमच्या कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड झाल्या त्याची वार्ता आता माचाच्या वाडग्यातही पोचली म्हणायची. जपानचे पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे, असे भाचीने सांगितले.

रविवारी तिला व्हिडिओ फोनवर वाडगा दाखवला. मी एवढ्या कष्टाने आणलेल्या फेसाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ‘मावशी, चाळणी कोणती वापरलीस?’ एवढेच विचारले.